पोटावरची चरबी, तिची संप्रेरके आणि धुमसता दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चरबी म्हणजे साठवलेले तेल-तूप. तिचा हार्मोनशी संबंध कुठे आला?

साठवण हे तिचे एक काम झाले. मेदपेशीत तेलाचा एक मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला दबून बसलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. पण हीच पेशी रक्तात शेकडो प्रथिने सोडते आणि मेंदू, यकृत, स्नायू, रक्तवाहिन्या यांना निरोप पाठवत राहते. म्हणून आज मेद हा शरीरातल्या मोठ्या अंतःस्रावी अवयवांपैकी एक मानला जातो.

हे कळायला उंदीर कामी आले. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९५० च्या सुमारास सतत खाणारे, गलेलठ्ठ उंदीर आढळले. तिथेच डग्लस कोलमन यांनी पुढे अशा उंदराचे रक्ताभिसरण साध्या उंदराशी जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे आटोक्यात आले. म्हणजे भूक आवरणारे काहीतरी साध्या उंदराच्या रक्तात होते आणि लठ्ठ उंदराकडे ते नव्हते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले. ते काम करत होते मेदपेशीत. त्या संप्रेरकाचे नाव ठेवले लेप्टिन. ग्रीक भाषेत ‘लेप्टॉस’ म्हणजे बारीक.

लेप्टिन भूक आवरते आणि लठ्ठ माणसात ते जास्त असते. मग त्याची भूक का आवरत नाही?

कारण निरोप पोचतो, पण कोणी ऐकत नाही. रक्तात लेप्टिन सतत चढे राहिले की मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातल्या पेशी आतल्या आत त्याच्या संदेशाला ब्रेक लावतात. रक्तातून मेंदूत शिरण्याची त्याची वाटही अरुंद होते. याला लेप्टिन-अवरोध म्हणतात.

आमच्या मते याकडे उलट बाजूने पाहिले तर जास्त उलगडा होतो. लेप्टिन हा ‘पोट भरले’ सांगणारा निरोप कमी आणि ‘कोठार रिकामे होतेय’ ही दवंडी अधिक आहे. पातळी वाढली तर मेंदू थोडेच मनावर घेतो, घसरली की मात्र खडबडून जागा होतो: भूक वाढवतो, थायरॉइडचा वेग उतरवतो, पाळी थांबवतो. म्हणूनच १९९९ मध्ये लठ्ठ व्यक्तींना लेप्टिनची इंजेक्शने देऊन पाहिली तेव्हा निकाल बेताचेच आले. आधीच दुर्लक्षित असलेला आवाज आणखी चढवून काय होणार?

मेदातून आणखी काय काय स्रवते?

सगळ्यात महत्त्वाचे ॲडिपोनेक्टिन. ते यकृताला साखर सोडायला आवर घालते, स्नायूंना चरबी जाळायला लावते आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला जपते. रक्तात ते मिलिलिटरला साधारण ३ ते ३० मायक्रोग्रॅम असते. लेप्टिन मोजावे लागते नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे जवळपास हजारपट कमी. गंमत अशी की ॲडिपोनेक्टिन मेदपेशीच बनवतात, तरी मेद वाढला की ते घटते. फुगलेल्या पेशींभोवतीचा दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (दोन्हींबद्दल खाली येईल) त्याचे उत्पादन घटवतात. तरीही ‘जितके जास्त तितके चांगले’ असे सरळ गणित नाही. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत त्याची चढी पातळी वाईट लक्षण ठरते.

बाकीची मंडळी भांडखोर. टीएनएफ-अल्फा इन्शुलिनच्या संदेशात खोडा घालते. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन बनवायला लावते. एमसीपी-१ पांढऱ्या पेशींना मेदात बोलावून घेते. पीएआय-१ मुळे रक्ताची गुठळी लवकर विरघळत नाही. रेझिस्टिनबद्दल एक खुलासा: उंदरात ते मेदपेशींतून येते, माणसात मुख्यतः मॅक्रोफाज नावाच्या भक्षक पेशींतून. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणारे लेख वाचताना हे लक्षात असू द्या.

दाह म्हणजे सूज, लाली, वेदना. पोटाच्या चरबीत तर काहीच दुखत नाही.

हा वणवा नाही, राखेखालचा निखारा आहे. जास्तीची ऊर्जा साठवताना मेदपेशी फुगते. तिचा व्यास दीडशे-दोनशे मायक्रॉनपर्यंत जाऊ शकतो. रक्तातला प्राणवायू केशवाहिनीपासून साधारण शंभर मायक्रॉनपर्यंतच झिरपतो. म्हणजे पेशी मोठी होते आणि श्वासाला महाग होते. काही पेशी मरतात. त्यांच्यातले तेल उचलायला मॅक्रोफाज येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडे करून बसतात. या रचनेला मुकुटासारखी म्हणूनच नाव आहे. बारीक माणसाच्या मेदात अशा भक्षक पेशी दहा टक्क्यांहून कमी असतात, अतिलठ्ठ माणसात त्या चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ चा मोठा वाटा यांच्याकडूनच येतो.

जंतू नाही, जखम नाही, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. वर्षानुवर्षे मंद आचेवर चालू राहते.

यात ऑक्सिडेटिव्ह ताण कुठून आला?

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात इंधन जळताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि प्राणवायूला चिकटून अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना निष्प्रभ करायला ग्लुटाथायोन, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज अशी यंत्रणा पेशीकडे असते. निर्मिती या यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेली की तो ऑक्सिडेटिव्ह ताण.

लठ्ठपणात तो दोन वाटांनी वाढतो. पहिली वाट इंधनाची: साखर आणि स्निग्धाम्ले गरजेपेक्षा जास्त आली की मायटोकॉन्ड्रियातून गळती वाढते. दुसरी वाट एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराची. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी हेच हत्यार वापरतात. फुगलेल्या मेदात ते शत्रू नसताना चालू राहते. तयार झालेले रेणू दाहाची जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या कळीला हात घालतात, दाहामुळे आणखी भक्षक पेशी येतात, त्या आणखी असे रेणू सोडतात. आधी दाह की आधी ऑक्सिडेटिव्ह ताण, या वादात रुग्णाने पडू नये. चक्र कुठूनही तोडले तरी दोन्ही उतरतात.

माझे वजन तर बेताचे आहे. मग शुगर कशी आली?

हा प्रश्न पुण्याने जगाला विचारायला लावला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात याचे मूळ गर्भापर्यंत जाते असे दिसले. इथले बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे ३.५ किलोचे. पण वजनातली तूट मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांत होती, चरबी त्यामानाने राखलेली होती.

आपल्याकडे त्वचेखालच्या कोठाराची क्षमता लवकर संपते असे मानले जाते. कोठार भरले की माल ओसरीवर येतो: आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत. ७० किलोच्या माणसाच्या पोटातली ही आतली चरबी ९५ किलोच्या माणसापेक्षा जास्त त्रासदायक असू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

मग मांड्या आणि नितंबांवरची चरबीही तितकीच वाईट का?

नाही, ती बहुतांशी संरक्षक आहे. तिथला मेद स्निग्धाम्ले सावकाश सोडतो आणि कमी धुमसतो. चरबी मुळातच वाईट असती, तर ज्यांना ती नाहीच ते सगळ्यात निरोगी असते. प्रत्यक्षात लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात अंगावर मेद जवळजवळ नसतो आणि रुग्णाला तीव्र मधुमेह, मेदयुक्त यकृत आणि हजाराच्या पुढचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) होतात. माल ठेवायला कोठारच नाही, मग तो जाणार कुठे?

पाळी थांबल्यावर बायकांचा मेद मांड्यांकडून पोटाकडे सरकतो. ‘खाणे तेच, वजन तेच, पण साडीचा परकर पोटावर घट्ट होतो’ ही तक्रार खरी असते.

कंबर नेमकी कशी मोजायची?

पँटची साइज म्हणजे कंबर नव्हे. पुरुष पँट पोटाखाली बांधतात आणि वर्षानुवर्षे ३४ वरच राहतात. कपडे बाजूला करून, पाय थोडे फाकवून सरळ उभे राहा. कुशीत सगळ्यात खालच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून घ्या. दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप आडवा, जमिनीला समांतर ठेवा. टेप त्वचेला टेकावा, रुतू नये. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, फरक एक सेंटिमीटरहून जास्त आला तर पुन्हा दोनदा.

पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा. आकडे लक्षात राहत नसतील तर सुतळी घ्या: आपल्या उंचीइतकी सुतळी दुमडून निम्मी केली की ती कमरेभोवती पुरली पाहिजे.

लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिनची तपासणी करून घेऊ का?

नको. संशोधनात तिचा उपयोग आहे, पण आकडा कळला तरी तुमचे औषध किंवा आहार त्याने बदलत नाही. त्याच पैशात उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) करा. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली असेल तर पोटातला मेद आपली कामगिरी दाखवतो आहे असे समजा.

उपाशीपोटीचे इन्शुलिन केले असेल तर होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्शुलिनला किती दाद देत नाही (इन्शुलिन-अवरोध) याचा अंदाज, घरी काढता येतो. साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. साखर ९८ आणि इन्शुलिन १६ असेल तर उत्तर ३.९ येते; साधारण २.५ च्या पुढे इन्शुलिन-अवरोधाचा संशय घेतात. वेगवेगळ्या लॅबचे इन्शुलिन मात्र एकमेकांशी ताडून पाहू नका, पद्धती वेगळ्या असतात.

दाहासाठी सीआरपी करायची तर चिठ्ठीवर ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेले हवे. साधी सीआरपी तापाच्या रुग्णासाठी असते, तिला इतके बारीक बदल दिसत नाहीत. लिटरला १ मिलिग्रॅमखाली ठीक, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर हृदयविकाराची जोखीम जास्त. १० च्या वर आली तर घाबरू नका: सर्दी-ताप, दाढेचा गळू, नुकतीच घेतलेली लस यांपैकी काहीतरी असते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर नाही’ आले म्हणून निर्धास्त राहू नका. यकृतात मेद वीस-तीस टक्क्यांवर गेल्याशिवाय साध्या सोनोग्राफीला तो नीट दिसत नाही.

लायपोसक्शनने चरबी काढून टाकली तर सगळेच सुटेल?

कपडे सैल होतील. २००४ मध्ये पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सरासरी दहा किलोच्या आसपास चरबी काढून दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तेव्हा इन्शुलिनची संवेदनशीलता, सीआरपी, ॲडिपोनेक्टिन, रक्तदाब यांत काहीच सुधारणा नव्हती. काढला तो त्वचेखालचा मेद. आतला होता तिथेच राहिला आणि उरलेल्या पेशींचा फुगवटाही उतरला नाही. खाणे-चालणे बदलून याच्या निम्मे वजन उतरले तरी हे सगळे आकडे हलतात.

किती वजन उतरले की फरक पडतो?

सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के. ८० किलोच्या माणसाला चार ते साडेपाच किलो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे हे ध्येय ठेवले होते; त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय चाचणीत आहार-व्यायामाने २८.५ टक्के घट दिसली. यकृतातला मेद सर्वांत आधी उतरतो. ॲडिपोनेक्टिन चढायला मात्र जास्त घट लागते, तेव्हा धीर धरा.

वजन उतरते आणि परत येते. मनोनिग्रह कमी पडतो का?

मेदपेशींची संख्या प्रौढ वयात जवळजवळ कायम असते. दरवर्षी सुमारे दहा टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात. बारीक झाल्यावर पेशी लहान होतात, संख्या तीच राहते, आणि लेप्टिन घसरते. मग वर सांगितलेली दवंडी पिटली जाते. वजन दहा टक्के उतरले की शरीराचा खर्च वजनाच्या हिशेबाने जितका घटायला हवा त्याहूनही जास्त घटतो. कडक उपासाने हे आणखी चिघळते, कारण उपाशी राहिल्यावर लेप्टिन मेदाच्या कितीतरी आधी कोसळते. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे. पाच किलो उतरले की तीन महिने तिथेच टिकवा, मग पुढचे पाऊल.

आपल्याकडच्या उपवासाबद्दल वेगळे सांगायला नको, ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हण आहेच. साबुदाणा खिचडीत निव्वळ स्टार्च, त्यावर कूट, तूप आणि बटाटा.

व्हिटॅमिन ई, सी, अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घेतल्या तर ऑक्सिडेटिव्ह ताण जाईल ना?

कागदावर जातो. धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, १९९४ आणि १९९६ मध्ये, फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. २००९ मधल्या एका जर्मन प्रयोगात व्यायामाबरोबर रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिले, तर व्यायामाने वाढायला हवी ती इन्शुलिनची संवेदनशीलता वाढलीच नाही. व्यायामात तयार होणारे थोडे अतिक्रियाशील रेणू हाच पेशीला स्वतःची संरक्षक यंत्रणा बळकट करण्याचा इशारा असतो. गोळीने तो इशाराच पुसला जातो. आवळा, पेरू, पालेभाज्या, कोकम, कडधान्ये खुशाल खा. तिथे मात्रा बेताची आणि सोबत चोथा असतो. हळदीच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी, विशेषतः मिरी-अर्क घातलेल्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद निर्धोक.

स्वयंपाकघरात नेमके काय बदलायचे?

आधी तेलाचा हिशेब. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम झाले. तीन लिटरवर आणा, म्हणजे २३ ग्रॅम होतील आणि माणशी रोज १३५ कॅलरी वाचतील. दाण्याच्या कुटाचा हिशेब मात्र कोणी धरत नाही. त्यात निम्मे तेलच असते. रोजच्या भाजीत माणशी एक चमचा पुरे.

तळणीचे तेल पुन्हा-पुन्हा तापवले की ते ताटात येण्याआधीच ऑक्सिडाइझ झालेले असते. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी मोजता येत नाही, पण तेल गडद झाले, दाट झाले, फेस धरू लागले, लवकर धुरावले की फेकायचे.

गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी चांगली, चोथ्यामुळे. कॅलरी पिठाला पीठ जवळजवळ सारख्याच, तेव्हा दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या हा व्यवहार तोट्याचा. प्रथिने वाढवा: वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात. घट्ट उसळ, अंडे, मासे, दही, सोयाबीन यांतले काहीतरी दोन्ही जेवणांत हवे. गोड पेये बंद.

फक्त चालून भागेल?

सुरुवातीला हो. वेग असा की बोलता येईल पण गाता येणार नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात तर साखरेची उसळी कमी होते. वजनकाटा हलला नाही तरी पोटातला मेद व्यायामाने उतरतो, म्हणून काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम जोडा: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, दप्तरात पुस्तके भरून उचलणे, प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या.

इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. आकुंचन पावणारा स्नायूही इंटरल्युकिन-६ सोडतो, तेच जे मेदात खलनायक ठरते. फरक असा की स्नायूतून ते तासाभरापुरते उसळते आणि मागोमाग दाहविरोधी द्रव्ये वाढवते. मेदातून ते दिवसरात्र ठिबकत असते. व्यायामाने वाढलेली इन्शुलिनची संवेदनशीलता दोन-तीन दिवसांत ओसरते. रविवारी किल्ला चढणे चांगलेच, पण बुधवारीही पाय हलले पाहिजेत.

झोपेचा याच्याशी काय संबंध?

निरोगी तरुणांना लागोपाठ दोन रात्री चारच तास झोपू दिले, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. रात्रपाळीवाल्यांनी किमान झोपेची वेळ रोज एकच ठेवावी. जाड मान, मोठे घोरणे आणि दिवसा पेंग असे तिन्ही असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. झोपेत वारंवार प्राणवायू घसरणे हा स्वतंत्रपणे ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवणारा प्रकार आहे.

वजन उतरवणारी ती आठवड्याची इंजेक्शने दाहावर चालतात का?

सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टर्झेपटाइडच्या पूर्ण मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २० टक्के वजन उतरते, सीआरपीही खाली येते. पण इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परतल्याचे दिसले आहे. उतरलेल्या वजनात स्नायूही असतो, आणि स्नायू आधीच कमी असलेल्या भारतीय शरीराला ते परवडत नाही. प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सोबत नसेल तर सुरूच करू नये. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल किंवा तुम्हाला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आमचे मूल सारखे खाते. लेप्टिनचा दोष असेल का?

बहुतेक वेळा नाही. जन्मजात लेप्टिन नसलेली पहिली दोन मुले १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये सापडली, नात्यातल्या लग्नांच्या कुटुंबातली. अशा मुलाचे जन्मवजन साधारण असते, पहिल्या काही महिन्यांतच ते भराभर वाढते, भूक भागता भागत नाही, मूल कचऱ्यातलेही खाते, वारंवार जंतुसंसर्ग होतात. असे चित्र असेल, विशेषतः आईवडील नात्यातले असतील, तर लेप्टिनची तपासणी खरोखर करायची वेळ हीच, बालरोग-अंतःस्रावतज्ज्ञांना गाठा. या मुलांना रोज लेप्टिनचे इंजेक्शन दिले की काही दिवसांतच त्यांचे खाणे इतर मुलांसारखे होते.